घरच्या घरी स्वतःच्याच आवाजाचे थर : भूपातल्या चालीला दुसरा-तिसरा आवाज कसा द्यावा?

तिसरी_घंटा
नमस्कार मंडळी. सोसायटीच्या दिवाळी पहाटेसाठी एक छोटं गाणं घरीच रेकॉर्ड करतेय. शब्द मैत्रिणीचे, चाल माझी. राग भूप, ताल दादरा, पट्टी काळी चार. कोरसला माणसं जमवायची म्हटली तर सगळ्यांच्या वेळा जुळेपर्यंत पुढची दिवाळी उजाडेल, म्हणून सगळे आवाज मीच देणार आहे.

सामान फार नाही: लॅपटॉप, यूएसबीवर चालणारा कंडेन्सर माइक, ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि ब्लूटूथ इअरफोन. मुख्य आवाज बरा झालाय. दुसरा आवाज मात्र प्रत्येक ओळीत ठेक्याच्या मागे पडतो. शिवाय एका व्हिडिओत सांगितलं होतं की हार्मनीसाठी दोन स्वर वरचं गायचं, सा ला ग, रे ला म, ग ला प. पण भूपात म नाहीच, मग आणायचा कुठून? आणला तर भूप जातो, आणि वगळून पुढचा स्वर घेतला तर काहीतरी पोकळ, चिनी सिनेमासारखं वाजतं. वर चार वेळा गाऊनही समूह वाटत नाही. एकाच बाईचा आवाज सुजल्यासारखा वाटतो.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. माइक बदला हा सल्ला सोडून काहीही चालेल, बजेट संपलंय.

बेसूर_बाबुराव
वाचतोय. आमच्याकडे एकच थर आहे आणि तोही शेजाऱ्यांना जास्त होतो.

फेडरवाला
ताई, माइकला हात लावू नका. आधी तो ब्लूटूथ काढा.

ब्लूटूथमधून आवाज कानापर्यंत पोचायला साधारण शे-दोनशे मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. म्हणजे तुमच्या कानावर ठेका पडतो तोच पाव मात्रा उशिरा, आणि तुम्ही त्याला इमानेइतबारे धरून गाता. तुमच्या लयीत खोट नाही. वायरवाला, कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या. घरात कुणाचा तरी जुना पडलेला असतोच. उघड्या जाळीचा नको, नाहीतर कानातला तबला माइकमध्ये शिरतो, आणि चार थर झाले की तोच तबला चार वेळा ऐकू येतो.

माइकलाच हेडफोनचं भोक असेल तर तिथेच लावा. मग स्वतःचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट ऐकू येतो. इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) वापरणाऱ्यांनी सॉफ्टवेअरमधला बफर १२८ सॅम्पलवर ठेवावा. एका दिशेला जेमतेम तीन मिलिसेकंद होतात, जाऊन-येऊन आणि वरचा खर्च धरून दहाच्या आसपास. तेवढं गळ्याला जाणवत नाही.

एवढं करूनही नवा ट्रॅक सगळाच्या सगळा एकसारखा सरकलेला दिसला तर क्लिक लावा, हेडफोनचा एक कान माइकला चिकटवा आणि ती क्लिकच रेकॉर्ड करा. मूळ क्लिक आणि रेकॉर्ड झालेली क्लिक यांच्यातलं अंतर मोजून ऑडॅसिटीच्या लेटन्सी (उशीर) भरपाईच्या सेटिंगमध्ये टाका. ते एकदाच करायचं काम आहे.

जुना_रेडिओ
तांत्रिक बाबी ठीक. पण मुळात भूपाला हार्मनी हवीच कशाला? आपलं संगीत एका रेषेचं आहे. एक गळा, एक तानपुरा. त्यावर तिसऱ्या स्वराचं गवंडीकाम केलं की ना ते भूप राहतं ना चर्चमधलं गाणं होतं. सिनेमावाल्यांनी केलं म्हणून सगळ्यांनी करावं असं नाही.

तिसरी_घंटा
@फेडरवाला, वायरवाला हेडफोन लावला आणि ठेक्याचा प्रश्न चुटकीसरशी सुटला. मनापासून आभार!

@जुना_रेडिओ काका, मैफल करत नाहीये हो. दिवाळी पहाटेला सहा मिनिटांचं गाणं आहे.

मांडवीकाठ
>> ना ते भूप राहतं ना चर्चमधलं गाणं होतं

काका, आमच्या गोव्यात मांडो हा गाण्याचा प्रकार दोन आवाजांतच गातात. वरचा आवाज आणि त्याच्या खाली तिसऱ्या किंवा सहाव्या स्वरावरून चालणारा दुसरा, साथीला घुमट (मातीच्या घटाचं वाद्य) आणि व्हायोलिन. चर्चच्या शाळांत पोरांना सोल्फेज (डो-रे-मी म्हणत स्वर वाचणं) आणि व्हायोलिन शिकवायचे, आणि तिथून तयार झालेली माणसं मुंबईला सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनकडचे सेबॅस्टियन डिसोझा. हिंदी गाण्यांत रागाच्या चालीखाली व्हायोलिनचा ताफा कसा फिरतो ते ऐका, हा प्रश्न या मंडळींनी कधीच हाताळून ठेवलाय.

ताई, आमच्याकडच्या दुसऱ्या आवाजवाल्यांची एक रीत सांगतो. ते मुख्य चालीच्या वर किंवा खाली किती, असा हिशेब गाताना करत नाहीत. दुसरा आवाज ही त्यांच्या डोक्यात स्वतंत्र चाल असते, सुरुवात-शेवट असलेली, एकट्याने गुणगुणता येणारी. तुम्हीही मुख्य आवाज बंद करून नुसत्या तानपुऱ्यावर दुसरी चाल बसवा, स्वयंपाक करताना आपसूक तोंडात येईपर्यंत. मगच रेकॉर्डिंगला उभ्या राहा. नाहीतर पंचमावर पोचलात की मुख्य आवाज तुम्हाला ओढून आपल्याकडे नेतोच.

कणस्वर
मांडवीकाठ यांच्याशी शंभर टक्के सहमत. आता भूपाकडे वळते. मी क्लास घेते, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी आणतात.

'एक सोडून पुढचा' हा नियम बिलावल रागाला चालतो कारण तिथे सात स्वर आहेत. भूपात सा (षड्ज), रे (रिषभ), ग (गंधार), प (पंचम), ध (धैवत) एवढेच. तिथे एक सोडून पुढचा घेतला तर सा-ग ही एकच जोडी गोड लागते. रे-प, ग-ध, प-तार सा, ध-तार रे या चारही जोड्या मध्यमाच्या अंतराच्या, म्हणजे सा-म इतक्या लांब. ओळीत लागोपाठ तेच अंतर येत राहिलं की ते पोकळ वाजतं. तुमचा कान बरोबर सांगतोय.

आता उलटं बघा. भूपात शेजारी-शेजारी असलेल्या स्वरांतच दोन गोड जोड्या लपल्यात. ग आणि प यांच्यात कोमल गंधाराइतकं अंतर आहे, ध आणि तार सा यांच्यातही तेवढंच. म्हणजे सा-ग, ग-प, ध-सा अशा तीन जोड्या तुमच्या हातात आहेत, आणि त्याही रागाबाहेर पाऊल न टाकता. अडतो फक्त रिषभ. त्याला वर प द्या किंवा ध द्या, तो तेवढ्यापुरता तरंगतो आणि पुढच्या गंधारावर सुटतो.

उदाहरण म्हणून ही ओळ घ्या:
मुख्य : ग रे ग प । ध प ग रे सा
वरचा : प प प सां । सां सां प प ग
खालचा : सा प़ सा ग । ग ग सा प़ सा
(प़ म्हणजे मंद्र, खालच्या सप्तकातला पंचम. सां म्हणजे तार, वरच्या सप्तकातला सा.)

वरचा आवाज बघा, जवळजवळ हलतच नाही. प, मग सां, पुन्हा प, शेवटी ग. बस्स. पहिल्या गंधारावर सा-ग-प उभं राहतं, धैवतावर ग-ध-सां, आणि शेवटच्या षड्जावर खालचा आवाज मुख्य आवाजालाच येऊन मिळतो. मुख्य आवाजाने हवं तेवढं हिंडावं, बाकीच्यांनी घर सांभाळावं. भूपाचा चेहरा बदलत नाही, कारण बाहेरचा एकही स्वर आला नाही.

आणि महत्त्वाचं: मींड, मुरकी, कण ही सगळी नक्षी फक्त मुख्य आवाजात. तार षड्जावरून धैवतावर उतरणारी ती भूपाची लाडकी मींड तिन्ही थरांत घेतलीत तर तीन गळे तीन वेगांनी घसरतात आणि जागाच कळत नाही. साथीच्या आवाजांनी सरळ, सपाट, डोळे मिटून उभा स्वर लावायचा. गाणाऱ्याला तो कंटाळवाणा वाटतो, तसाच हवा.

जुना_रेडिओ
कणस्वर, हे वाजवून पाहिलं पेटीवर. विरोध मागे घेत नाही, पण वरचा आवाज पंचमावर ठेवणं म्हणजे तानपुऱ्याचंच काम गळ्याने करणं झालं. एवढ्यापुरतं मान्य.

तिसरी_घंटा
कणस्वर ताई, _/\_ ही ओळ फ्रीजवर चिकटवली आहे!

एक अडचण: काळी चारमध्ये मंद्र पंचम मला बोलता येतो, गाता येत नाही.

कणस्वर
साहजिक आहे, बऱ्याच बायकांना तो खाली पडतो. मग रिषभाखाली मंद्र धैवत घ्या: सा ध़ सा ग. तेही नको असेल तर रिषभाच्या वेळी खालच्या आवाजाने श्वास घ्यावा. सगळ्या थरांनी सगळी अक्षरं गायलाच हवीत असं कुणी सांगितलंय?

कंपनसंख्या
पेटीचा विषय निघाला म्हणून लिहितो. थर चढवताना कानात पेटी किंवा कीबोर्ड ठेवू नका, तानपुरा ठेवा.

कारण असं. कीबोर्डचा शुद्ध गंधार हा नैसर्गिक गंधारापेक्षा १४ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. नैसर्गिक गंधार षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ५/४. जुळलेल्या तानपुऱ्यात षड्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो हाच. काळी चारचा मध्य सा साधारण २०८ हर्ट्झचा. त्यावर नैसर्गिक गंधार येतो २५९.६ ला, कीबोर्डचा २६१.६ ला. फरक दोनच हर्ट्झचा वाटतो, पण षड्जाचा पाचवा आणि गंधाराचा चौथा उपस्वर (मूळ स्वरासोबत आपोआप वाजणारे वरचे स्वर) एकमेकांवर आदळून सेकंदाला आठ वेळा थरथर होते. एकट्या गळ्यात ती कळत नाही. एकाच माणसाचे तीन आवाज एकावर एक आले की लख्ख कळते, कारण सगळ्यांचा पोत एकच असतो आणि लपायला जागा नसते. गंधार नीट बसला की ती थरथर थांबते आणि तीन आवाजांचा एक आवाज होतो. तो क्षण हेडफोनमध्ये स्पष्ट ऐकू येतो.

मध्यमाच्या अंतरात हा घोळ नाही, तिथे फरक अवघा दोन सेंटचा. म्हणून पोकळ वाजणाऱ्या जोड्या सुरात मात्र पक्क्या वाटतात.

अपवाद: साथीला गिटार किंवा कीबोर्ड असेल आणि ते मोठ्याने वाजत असतील तर त्यांच्याच गंधाराला धरा. अर्ध्यांनी इकडे आणि अर्ध्यांनी तिकडे, हे सगळ्यात वाईट. आणि सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर लावलंत तर बघून लावा. ते मुळात कीबोर्डचेच बारा स्वर ओळखतं, तुमचा छान बसलेला गंधार उचलून चढवून ठेवील.

फेडरवाला
कंपनसंख्या यांचा प्रतिसाद वाखुत (वाचनखुणांत) टाकला.

आता 'सुजलेल्या आवाजा'कडे येतो. तोच गळा, तोच माइक, तीच खोली, तेच अंतर. तुमच्या आवाजात जिथे फुगवटा आहे, खोलीत जिथे घुमतं, माइक जिथे चमकतो, ते सगळं प्रत्येक थरात त्याच जागी येतं आणि एकमेकांत मिळत राहतं. खऱ्या कोरसमध्ये दहा गळ्यांचे फुगवटे दहा ठिकाणी असतात. म्हणून प्रत्येक थराला काहीतरी बदला. मुख्य आवाज वीतभर अंतरावरून गा. वरचा थर दोन पावलं मागे सरकून, हलक्या आवाजात. खालचा जवळून, पण बोलल्यासारखा, छातीतून. एखादा थर माइककडे तिरकं तोंड करून. गाण्याचा भावही बदला. एक थर आपण पंधरा वर्षांची मुलगी आहोत असं समजून गा, हसू नका, खरंच फरक पडतो.

मुख्य आवाजच कॉपी-पेस्ट करून थोडा सरकवायचा मोह होईल. नको. तंतोतंत सारख्या दोन लहरी थोड्या मागेपुढे झाल्या की काही कंपनं एकमेकांना खातात आणि पाइपातून गायल्यासारखं होतं. एबी रोड स्टुडिओत १९६६ मध्ये तंत्रज्ञ केन टाउन्सेंड यांनी बीटल्ससाठी एकाच आवाजाचा यांत्रिक जोडीदार बनवायची युक्ती काढली, तेव्हा त्यांनाही टेपचा वेग किंचित हलता ठेवावा लागला होता. तुमच्याकडे गळा आहे, पुन्हा गा.

चकलीचा_सोऱ्या
आवाजाचे थर म्हटल्यावर मला आशाबाईंचं 'कतरा कतरा' आठवलं, 'इजाज़त', १९८७. पंचमनी (आर. डी. बर्मन यांनी) त्यांचाच आवाज त्यांच्याच आवाजावर चढवलाय. तिथे बाकायदा हार्मनी कमी आणि एका ओळीत दुसरी ओळ मिसळणं जास्त आहे. ताई, तुमच्या गाण्यात जिथे स्वरांची जोडी जमत नाही तिथे हेही करून बघा. मुख्य आवाज शेवटचं अक्षर लांबवत असताना दुसऱ्या आवाजाने पुढची ओळ सुरू करायची.

बेसूर_बाबुराव
आमच्या घरी हे रोज सकाळी होतं. बायको ओळ संपवायच्या आत आई पुढची सुरू करते.

अक्षरगणवृत्त
मराठी गाण्यात अक्षरं फार त्रास देतात, त्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

चार थरांत 'स', 'श', 'च', 'छ' हे चार वेळा वाजतात आणि ते चारही किंचित पुढेमागे असतात. 'आकाशात' म्हटलं की फुसफुस कानात घुसते. उपाय: शब्द फक्त मुख्य आवाजाने नीट म्हणायचे. साथीच्या थरांत 'स' जवळजवळ गिळायचा, 'च' बोथट करायचा, 'ट' नुसता सुचवायचा. एकेकटा थर ऐकलात तर बोबडा वाटेल, एकत्र ऐकलात तर कळणारही नाही. 'फ', 'भ', 'प' चा भपकारा माइकवर येतो, त्यासाठी जाळी लावा किंवा माइक तोंडासमोर न ठेवता थोडा बाजूला ठेवा.

दुसरं म्हणजे अनुस्वार. 'चांदणं' लांबवताना 'चां' वर आवाज नाकात कधी न्यायचा? एका थराने पहिल्या मात्रेला नेला आणि दुसऱ्याने तिसऱ्या, तर मध्ये दोन मात्रा चिखल. कागदावर मात्रा मोजून खूण करून ठेवा: दोन मात्रा 'आ' उघडा, तिसरीला नाकात. ओळीच्या शेवटच्या अक्षराचंही तसंच, कुठे तोडायचं ते सगळ्या थरांत एकाच ठोक्यावर. आणि 'ए', 'ओ' चे ओठ आरशात बघून सारखे ठेवा. स्वर जुळूनही मिसळत नसेल तर दहापैकी नऊ वेळा ओठ वेगळे असतात.

तिसरी_घंटा
अक्षरगणवृत्त, माझ्या ओळीत 'चांदणं' खरंच आहे! तुम्ही घरात माइक लावलाय की काय?

खोलीबद्दलही सांगा कुणीतरी. आम्ही डोंबिवलीत, लोकल दर काही मिनिटांनी. भिंतीवर अंड्यांचे ट्रे लावू का?

फेडरवाला
ट्रे लावू नका, अंडी खा. त्या पुठ्ठ्याने अगदी वरची थोडीशी कंपनं मरतात, बाकी खोली होती तशीच घुमत राहते. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं टाका, त्याच्याकडे पाठ करून माइकसमोर उभ्या राहा, आणि माइकच्या मागे दोरीवर दोन जाड गोधड्या घड्या न घालता सोडा. माइक हा तुमच्या पाठीमागून येणारा प्रतिध्वनी पकडतो, म्हणून मऊ वस्तू पाठीला जास्त हवी. याने खोलीचा घुमारा कमी होईल. लोकल थांबणार नाही, त्यासाठी भिंत जाड लागते. दोन गाड्यांच्या मधे ओळ-ओळ गा. पंखा बंद, फ्रीजचा आवाज येत असेल तर तासभर बंद (चालू करायला विसरू नका), कुकरची वेळ घरात जाहीर करून टाका.

पातळी: सर्वात मोठा स्वर उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नका, रेकॉर्डिंग २४ बिटवर. नंतर वाढवता येतं, फाटलेला आवाज शिवता येत नाही.

मांडवीकाठ
क्रमाबद्दल एक गोष्ट. लेस पॉल आणि मेरी फोर्ड हे अमेरिकन जोडपं १९५१ च्या सुमारास एकाच बाईच्या आवाजाचे थर चढवून रेकॉर्ड काढायचं. तेव्हा नवा थर जुन्याच्या सोबतच टेपवर उतरायचा. चुकलं की सगळं पहिल्यापासून, आणि प्रत्येक फेरीला जुने थर थोडे मळायचे. म्हणून ते सर्वात कमी महत्त्वाचा आवाज आधी घ्यायचे आणि मुख्य आवाज शेवटी. आज मळण्याची भीती नाही, तरी मुख्य आवाज शेवटी पुन्हा एकदा घेऊन बघा. खालचे थर आधीच कानात असले की मुख्य गाणारी वेगळ्या मोकळेपणाने गाते.

तिसरी_घंटा
सगळ्यांचे सल्ले घेऊन पहिलं कडवं पुन्हा केलं आणि इथे ऐकायला टाकलंय. तानपुऱ्यावर, तीन आवाज, वरचा आणि खालचा प्रत्येकी दोनदा गायले, म्हणजे एकूण पाच ट्रॅक. मुख्य आवाजही शेवटी परत घेतला, आणि मांडवीकाठ म्हणाले तसंच झालं, आधीचा टाकूनच दिला. गंधारावर ती थरथर थांबते ते ऐकू आलं!! कंपनसंख्या, तुम्हाला एक फराळाचं ताट.

आता राहिलं मिक्सिंग. पाचही मधोमध ठेवले तर गर्दी होते.

फेडरवाला
मुख्य आवाज मधोमध. वरच्या जोडीतला एक डावीकडे, एक उजवीकडे, साधारण सत्तर टक्के. खालची जोडी थोडी आत, चाळीसच्या आसपास. साथीचे चारही ट्रॅक एकत्र करून १५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा. २५० ते ३५० च्या दरम्यान हळूहळू कमी करत जा, गर्दी तिथेच असते. वरची चमकही थोडी काढा, म्हणजे शब्द मुख्य आवाजाकडेच राहतील. कॉम्प्रेशन (लहान-मोठा आवाज सारखा करणं) आणि रिव्हर्ब (घुमारा) साथीला जास्त, मुख्य आवाजाला कमी. मग साथीचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची दांडी) पूर्ण खाली ओढा आणि हळूहळू वर आणा. 'आता ऐकू यायला लागलं' असं वाटलं की थांबा आणि किंचित खाली घ्या.

शेवटी मोनो (डावं-उजवं एकत्र) करून ऐका. सोसायटीच्या कर्ण्यांत डावं-उजवं काही नसतं. डावे-उजवे ट्रॅक खरोखर वेगवेगळे गायलेले असतील तर मोनोत फक्त जवळ येतील. कॉपी करून सरकवलेले असतील तर काही कंपनं गायब होतील.

जुना_रेडिओ
ऐकलं. दुसऱ्या ओळीत वरच्या आवाजाने धैवतावर मुरकी घेतली आहे. काढा.

कणस्वर
काका बरोबर म्हणतायत, ०:४१ ला आहे. तेवढा एकच स्वर परत गा, आधीच्या श्वासापासून जोडून घ्या म्हणजे सांधा कळणार नाही.

बेसूर_बाबुराव
काका हार्मनी ऐकतायत, तीही सेकंदागणिक! दिवाळी लवकर आली म्हणायची.